रंगवाल्यांची अर्धी गोळी

५ फेब्रुवारी

आदरणीय मॅडम,

नमस्कार. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुमचंही कॉलेज, परीक्षा, पेपर तपासणं सगळं सुरळीत चाललं असेल असं धरून चालते. माझं अक्षर तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून पाकीट उलटंसुलटं करत बसण्याआधीच सांगून टाकते : मी रंगवाल्यांची बायको. म्हणजे आत्ताची.

‘रंगवाले’ लिहिते ते मुद्दाम. ‘हे’ लिहायला गेले आणि पेन अडलं. एके काळी ते तुमचेही होते, मग तुमच्यासमोर ‘हे’ म्हणायचा हक्क कुणाचा, या घोळात पाच मिनिटं गेली. ते काम करतात त्या रंगाच्या दुकानात सगळे त्यांना रंगवाले म्हणतात, तेच बरं. तुम्हाला असला प्रश्न पडत नसणार. तुम्ही त्यांना सरळ ‘अरे’ म्हणता. ते फोनच्या बाहेरही ऐकू येतं.

त्या फोनबद्दलच लिहायचंय.

आधी हे मान्य करते की तुमचे उपकार आहेत. त्यांच्या छातीचे ठोके पहिल्यांदा वेडेवाकडे पडायला लागले तेव्हा तुम्ही त्या घरात होतात. डॉक्टरांनी गोळी दिली, पण ती रोज किती घ्यायची, कमी पडली तर काय, जास्त झाली तर काय, याचा हिशेब तुम्ही स्वतः बसून घातलात, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ‘थोरलीनं लावून दिलेली गोळी आहे, म्हणून माझा मुलगा चालतोय.’ थोरली म्हणजे तुम्ही. मी धाकटी. तुमचं कायद्यानं तुटून इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंच्या हिशेबात आपण दोघी एकाच घरातल्या. मला ‘धाकटी’ म्हणून हाक मारतात, मी ‘ओ’ देते. काय करणार?

तर दर रविवारी सकाळी तुमचा फोन येतो. रंगवाले फोन उचलून, वायर ओढत गॅलरीत जातात आणि दार लोटून घेतात. दाराला काच आहे, आवाज येतोच. ‘शहात्तर... हो गं, नीट मोजली... भूक? भरपूर... नाही गं, पाय नाही सुजले.’ इथवर ठीक. मग ते हसतात. मॅडम, तुम्ही औषधशास्त्र शिकवता, तुम्हीच सांगा, नाडीत हसण्यासारखं काय असतं?

मी लाँड्री चालवते. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ. लाँड्रीची भिंत रंगवायची म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले होते, पांढरा रंग मागितला. म्हणाले, ‘कोणता पांढरा?’ मी म्हटलं, पांढरा तो पांढरा. तर त्यांनी शेडकार्डं उघडली, पत्त्यांसारखी पिसली आणि एकेक पांढरा माझ्यासमोर टाकत गेले. दुधाचा, चुन्याचा, कागदाचा. इतक्या वर्षांत इतके पांढरे मी हाताखालून घातले आणि मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. माणूस मला तिथेच आवडला. हे तुम्हाला का सांगते आहे ते मलाही नीट माहीत नाही. बहुधा एवढंच कळावं म्हणून, की मला त्यांच्यातलं काही वेगळं ठाऊक आहे. नाडी सोडून.

हात जोडून विनंती आहे की रविवारचा फोन आता बंद करावा. शहरात डॉक्टर आहेत. गोळी रोज सकाळी मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते. नाडी मोजायला मलाही येते, घड्याळ माझ्याकडेही आहे. घरात एका बाईला पुरेल एवढंच काम आहे.

हे पत्र मी लिहिलं ते त्यांना कळू नये, ही दुसरी विनंती. कागद लाँड्रीचा छापील आहे, दुसरा हाताशी नव्हता. राग मानू नये.

आपली नम्र,
धाकटी


२४ एप्रिल

मॅडम,

नमस्कार. तुमचं उत्तर मिळालं होतं, पोच द्यायची राहिली. राहिली कसली, दिली नाही.

चार ओळींचं पत्र. ‘तुमचं म्हणणं समजलं. यापुढे फोन करणार नाही. दर तीन महिन्यांनी मूत्रपिंडाची रक्ततपासणी तेवढी चुकवू नका. नवीन कुठलंही औषध सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.’ फोन बंद करताकरता दोन हुकूम सोडलेतच. मी ते पत्र घडी घालून ठेवून दिलं. मी काही तुमची विद्यार्थिनी नाही.

पण तुम्ही शब्द पाळलात, त्याबद्दल आभार. पहिल्या रविवारी रंगवाले फोनजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. पान काही उलटेना. मी विचारलं, ‘कुणाचा यायचाय का?’ म्हणाले, ‘नाही, सहज.’ दुसऱ्या रविवारी म्हणाले, ‘तिला बरं नसेल का गं?’ मी म्हटलं, ‘कामात असतील.’ उलट फोन त्यांनी केला नाही. मानी आहेत, तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर रविवारी पेपर घेऊन बसणंही थांबलं. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

कुठलं सुटायला? उलट तुम्ही घरात जास्तच यायला लागलात. आता सगळं लिहूनच टाकते.

आधी गुडघ्याचं सांगते, म्हणजे मी त्यांची हेळसांड करते असं तुम्हाला वाटायला नको. मार्चमध्ये त्यांचा गुडघा धरला. दिवसभर स्टुलावर चढउतर, डबे काढायचे, डबे ठेवायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून मी वेदनेच्या गोळ्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. आठवड्यात गुडघा मोकळा झाला. अजून चालू आहेत, कारण थांबवल्या की दुखतं. त्यासाठी तुम्हाला विचारायची वेळ आली नाही.

गुडघा बरा झाला आणि माणूस बिघडला. जेवत नाहीत. ताट समोर आलं की भाजी इकडून तिकडे सारतात, दोन घास खातात आणि म्हणतात, ‘नको, मळमळतंय.’ इतकी वर्षं माझ्या हातचं चाटूनपुसून खाल्लं, आता मळमळतं? सासूबाई लगेच म्हणतात, ‘थोरली करायची तशी पातळसर भाजी कर, ती त्याला मानवायची.’ केली. तुमच्यासारखी पातळ भाजी केली मी. तीही नको. अंगातली पँट ढगळ झालीय. दुकानातून येतात ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, डोळे अर्धे मिटून. विचारलं तर म्हणतात, ‘काही नाही, थकवा.’ थकवा मला कळतो, मॅडम. ओल्या चादरी पिळून माझेही हात गळून जातात. पण थकलेला माणूस असा दिसत नाही. असा झुरणारा माणूस दिसतो.

आता चादरीचं ऐका. एके सकाळी उठले आणि म्हणाले, ‘ही चादर पिवळी पडलीय.’

मी म्हटलं, ‘कालच घातलीय. धुतलेली.’

‘पिवळी आहे गं.’

‘कुठे पिवळी? पांढरीशुभ्र आहे.’

‘तुला सवय झालीय, म्हणून दिसत नाही.’

हे मला! ज्या बाईचं पोट पांढऱ्या कपड्यांवर चालतं तिला! मी चादर ओढून काढली. लाँड्रीत गेले आणि त्या रागात नीळ दुप्पट टाकली. घरच्या चादरींत टाकली आणि हॉटेलच्याही. हॉटेलचा मॅनेजर गठ्ठा परत घेऊन आला, म्हणाला, ‘बाई, आमचे पाहुणे झोपायला येतात, पोहायला नाही.’ सगळा माल पुन्हा धुवावा लागला. तीच निळसर चादर घरी अंथरली, तर रंगवाले म्हणतात, ‘आता जरा बरी आहे.’

चादरीवरून तुम्ही कधी ऐकून घेतलं नसेल. सासूबाई सांगतात, तुमचा सगळा कारभार कसा आरशासारखा होता. तो आरसा आता त्यांना दिसायला लागलाय, दुसरं काय?

त्यांच्या दुकानातही धड नाही. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी पांढरा मागवला, रंगवाल्यांनी जुळवून दिला, भिंती रंगल्या आणि बाई तणतणत दुकानात. दवाखान्याच्या भिंती किडक्या दातासारख्या पिवळ्या दिसतात म्हणाल्या. मालकांनी दोन्ही डबे शेजारी शेजारी उघडून दाखवले तरी रंगवाले म्हणत होते, ‘दोन्ही एकच आहेत.’ मालक मला वाटेत भेटले तेव्हा हळूच विचारत होते, ‘घरी काही आहे का? लक्ष नसतं त्यांचं.’ लक्ष कुठे असतं ते मी त्यांना काय सांगू?

तर मॅडम, एकच विचारायचंय, त्यासाठी एवढं लिहिलं. खरं सांगा. ते तुमच्याकडे येतात का? दुकानातून परस्पर? तुमच्याकडे जेवून येत असले तर घरी मळमळणारच. फोन बंद झाला आणि येणं सुरू झालं, असं आहे का? असलं तर सांगून टाका. मी रडारड करणार नाही. निदान रोज तीन माणसांचा स्वयंपाक तरी करणार नाही.

उत्तराची वाट बघते.

धाकटी


१८ मे

ताई,

इस्पितळातून घरी आल्यापासून बरे आहेत. काल भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. सकाळी चादरीवर हात फिरवून म्हणाले, ‘ही नीळ जरा जास्त झाली नाही का?’ आता त्यांना निळं निळं दिसतंय, एवढ्यावरून ओळखा. मी भांडले नाही. आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

त्या दिवशी तुम्ही तिथे होतात, बरंचसं तुम्हाला माहीतच आहे. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते समोर बसून माझ्याच्यानं बोलवणार नाही. म्हणून लिहिते.

लाँड्रीत फोन वाजला तेव्हा मी इस्त्रीवर होते. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, म्हणालात, ‘मी थोरली बोलतेय. तुमच्या कागदावर हा नंबर होता. तो कुठे आहे?’

मी म्हटलं, ‘दुकानात. का? तुमच्याकडे नाहीत का?’

असं बोलले मी. तुमच्या आवाजात धाप होती, तरीही.

तुम्ही ते कानाआड केलंत. म्हणालात, ‘नीट ऐका. पिवळं दिसणं, मळमळ, भूक जाणं, सुस्ती, ही सगळी त्या ठोक्यांच्या गोळीची लक्षणं आहेत. ती अंगात साठत चाललीय. गुडघ्यासाठी कुठली गोळी देताय?’ मी नाव सांगितलं. तुम्ही ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलंत. मग म्हणालात, ‘त्या गोळीनं मूत्रपिंडं मंदावतात. तिकडून बाहेर पडणं थांबलं आणि आपण रोज आधीइतकंच आत घालतोय. मी दुकानाकडे निघालेय. तुम्हीही निघा.’

मी इस्त्री तशीच टाकून धावले. रंगाचं दुकान माझ्या लाँड्रीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तुमचं कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. तरी मी पोचले तेव्हा तुम्ही तिथे होतात; फोन वाटेतल्या बूथवरून केला होतात, ते नंतर कळलं. दुकानाबाहेर टॅक्सी दार उघडं टाकून उभी होती. रंगवाले स्टुलावर, डोकं डब्यांच्या फळीला टेकलेलं, तोंड राखेसारखं. तुम्ही फरशीवर गुडघे टेकून त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होतात. मालक मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभे.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं सांगू? त्यांचं काय झालं, ते शुद्धीवर आहेत का, हे नंतर आलं. आधी आलं, ‘ही आधी पोचली.’ आणि त्याच्या मागोमाग, ‘हिला त्यांचा हात कसा धरायचा ते न बघता येतं.’ नवऱ्याचा जीव जायची वेळ आणि मी मनगटावरची बोटं मोजत होते. ताई, माझ्याइतकी लाज कुणाला वाटली नसेल. पण लाज वाटली म्हणून ते वाटायचं थांबलं नाही.

तुम्ही वर बघून म्हणालात, ‘नाडी चाळीसच्याही खाली आहे. उचला.’ आपण दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरून टॅक्सीत घातलं. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलात, मला मागे त्यांच्याजवळ बसू दिलंत. ते माझ्या लक्षात आलं होतं. आभार मात्र मानता आले नाहीत.

इस्पितळात त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, छातीला वायरी लावल्या आणि आपल्याला बाहेर काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची, ती गोळी अंगातून उतरायला वेळ लागतो आणि यांच्या मूत्रपिंडांना तर जास्तच. मग आपण त्या बाकावर. मध्ये तुमची पर्स. कितीतरी वेळ आपण दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. कुठला पांढरा असेल तो, असला काहीतरी विचार माझ्या डोक्यात येत होता.

मग मी तुम्हाला विचारलं, ‘माझ्या पत्रावरून कळलं?’

तुम्ही म्हणालात, ‘हो. चादरीपाशी आले आणि खुर्चीतून उठले.’

‘मी तुमच्याबद्दल इतकं वाईट लिहिलं होतं.’

‘ते परत वाचताना कळलं. आधी नुसती लक्षणं दिसली.’ आणि मग तुम्ही किंचित हसलात. ‘तो तुमच्याशी चादरीवरून भांडला, हे वाचून मला किती लागलं, माहितीय? माझ्याशी कधी भांडला नाही तो. आमच्यात शेवटी शेवटी बोलायला नाडी आणि भूक सोडून काही राहिलंच नव्हतं. त्याला बायको हवी होती. मी देखरेख करत बसले. रविवारचा फोन त्याच्या तब्येतीसाठी होता हे निम्मंच खरं. रविवारी माझं घर फार शांत असतं.’

मी काहीतरी बरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. खरं सांगते, मला बरं वाटलं. तुम्हाला माझा हेवा वाटतो हे ऐकून मी त्या बाकावर जरा सरळ होऊन बसले. इतकी हलकट मी आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

आणि तेवढ्यात सिस्टर दारातून डोकावून म्हणाल्या, ‘पेशंट बायकोला बोलावतोय.’

आपण दोघीही उठलो.

तुम्ही लगेच खाली बसलात, पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलात. सिस्टर एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मी आत गेले. तुमचं उठणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. रागानं म्हणत नाही मी हे. तुम्ही ठरवून उठला नव्हतात, पाय उठले. माझ्या लाँड्रीत जुन्या बायका आहेत, गिरणीचा भोंगा बंद होऊन जमाना झाला तरी त्या वेळेला त्यांचे हात थांबतात. तसं.

नंतरचे दिवस तुम्ही रोज कॉलेज सुटल्यावर येत होतात. ठोके हळूहळू वर चढले. वेदनेच्या गोळ्यांबद्दल तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. सासूबाईंना तर ‘वयानं होतं असं’ म्हणून सांगितलंत. त्या तुमचा हात धरून रडल्या, माझा धरला नाही. तेही सोसलं.

सोसवलं नाही ते कँटीनमधलं. डॉक्टरांनी सांगितलं की गोळी परत सुरू करायची, पण अर्धी. मी तुम्हाला म्हटलं, ‘मला हा हिशेब शिकवा. अर्धीच का, पाऊण का नाही, मला कळलं पाहिजे. उद्या परत बदलायची वेळ आली तर माझ्या लक्षात यायला हवं.’

तुम्ही म्हणालात, ‘बदलायचं ते डॉक्टरांनीच. पण का ते सांगते.’ चहा बाजूला सारलात आणि पावतीच्या पाठीवर लिहायला लागलात. ‘शाळेत हौदाचं गणित होतं ना? वरून नळ भरतो, खालून नळ रिकामा करतो. पाणी एका उंचीवर राहायला हवं असेल तर काय करायचं?’

‘खालून जाईल तेवढंच वरून सोडायचं.’

‘बस. पहिला डोस हौद भरायला लागतो. त्यानंतरचा रोजचा डोस फक्त तेवढाच, जेवढं रोज बाहेर जातं. आता त्याचं वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट धरला तर त्याचं शरीर तासाला साधारण पाच लिटर रक्तातून ही गोळी साफ करतंय. लिटरमागे शून्य पूर्णांक आठ मायक्रोग्रॅम राहायला हवी. तर तासाला किती गेली?’

मी म्हटलं, ‘पाच गुणिले शून्य पूर्णांक आठ... चार.’

‘दिवसाला?’

‘शहाण्णव.’

‘पण गिळलेली सगळी रक्तात पोचत नाही. शंभरातली सत्तर पोचते. म्हणजे शहाण्णव पोचवायला...’

मी भागाकार केला. दोनदा चुकला, तुम्ही मला पुन्हा करू दिलात. एकशे सदतीस आलं. गोळी अडीचशेची. अर्धी म्हणजे सव्वाशे. सर्वांत जवळचं तेच, आणि चुकायचंच तर कमीकडे चुकलेलं बरं, असं तुम्ही म्हणालात. मला इतका आनंद झाला, ताई, की मी क्षणभर विसरलेच तुम्ही कोण आहात ते.

आणि मग तुम्ही सहज म्हणालात, ‘पूर्वी त्याचं नऊ लिटर होतं. म्हणून तेव्हा अख्खी लागायची.’

कागदाकडे न बघता म्हणालात. पाठ होतं तुम्हाला.

ते नऊ लिटर माझ्या डोक्यातून जात नाहीत. दणकट असताना, पायऱ्या पळत चढत असताना त्यांच्या अंगातून तासाला किती काय जात होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. नऊ तुमच्या वाट्याला आले, माझ्या वाट्याला पाच. त्यातलेही काही मीच घालवले असतील. डॉक्टर म्हणतात, त्या वेदनेच्या गोळ्या सुटल्यावर मूत्रपिंडं थोडी सुधारतील, पण सगळी नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बहुतेक तुम्हाला कळलं, कारण तुम्ही पावती चुरगळून टाकलीत. मी ती नंतर उचलून सरळ केली. शेवटचा भागाकार माझ्या अक्षरातला होता.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. फोन मी बंद करवले, तुमचं उत्तर लपवलं, तपासणी केली नाही. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘तिला दुखलं असेल.’ मी उठून जायला निघाले. तेव्हा हात धरून म्हणाले, ‘तुलाही. मी दार लोटून बोलायला नको होतं.’ त्यांच्या हातात अजून जोर नाही, पण मी सोडवून घेतला नाही.

आता जे लिहायला इतका वेळ इकडचंतिकडचं लिहीत बसले ते लिहिते.

त्या दिवशी मी आतून बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘काय म्हणाला?’ मी म्हटलं, ‘पाणी मागितलं.’ पाणी नव्हतं मागितलं त्यांनी. मी जवळ गेल्यावर डोळे उघडले, मला ओळखलं, आणि म्हणाले, ‘ती बाहेर आहे ना? तिला काहीतरी खायला दे. उपाशी राहिली की तिचं डोकं दुखतं.’

एवढंच. एवढ्यासाठी बायकोला बोलावलं होतं.

मी बाहेर येऊन तुम्हाला बिस्किटं आणून दिली, आणि तुम्ही म्हणालात, ‘तुम्हाला कसं कळलं?’ मी म्हटलं, ‘चेहऱ्यावरून.’ तुम्ही किती मनापासून खाल्लीत ती! माझ्या चांगुलपणाचं खाताय अशा समजुतीनं. तो त्यांचा निरोप होता, ताई. तुमचा होता, मी मध्येच ठेवून घेतला होता. आज देऊन टाकते. देताना अजूनही जड जातंय.

माझा मत्सर गेला, आता आपण बहिणीबहिणी, असं काही समजू नका. तुम्ही त्यांना ‘अरे’ म्हटलंत की माझ्या कानात खुपणारच. पण ते जगायला हवे आहेत, आणि त्यासाठी घरात दोघी लागणार असतील तर लागोत. महिन्याच्या महिन्याला तपासणी मी करून घेईन. रिपोर्ट आला की तुम्हाला कळवीन.

फोन नको. फोनवर नुसता आवाज येतो आणि मग मी दाराबाहेर उभी राहून नाही नाही ते रचत बसते. या रविवारी घरी या, जेवायला. सासूबाईंनाही बरं वाटेल. तुम्हाला त्यांची नाडी बघायची असली तर सगळ्यांसमोर बघा, मी भाजी वाढत असेन. भाजी माझ्या पद्धतीची असेल, घट्ट. ती तुम्हाला आवडून घ्यावी लागेल.

आणि एक. दुकानात धावपळीत तुमच्या केसांची पिन निघाली होती आणि तुमच्या ते लक्षातही नव्हतं. येताना केस बांधून या. मोकळे तुम्हाला फार शोभतात.

वाट बघतेय,
त्यांची बायको